रेअर, अँटीक, फिक्स रेट

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आबांच्या रेकॉर्डींचं खोकं खाली आलं की आधी एक पथ्य पाळा: धूळ पुसू नका. धूळ हा वयाचा दाखला आहे. रेकॉर्डी आता पुन्हा फॅशनमध्ये आल्यात आणि परदेशात त्यांना 'मरण आहे', असं भाच्याने सांगितलेलंच असतं. 'मरण आहे' म्हणजे प्रचंड मागणी आहे, हेही त्यालाच विचारून घ्या.

मग काळ ठरवायचा. हे काम फार सोपं आहे, कारण तबकडीवरच तो लिहिलेला असतो. ७८ छापलं असेल तर ती १९७८ ची. ४५ असेल तर १९४५ ची, म्हणजे स्वातंत्र्यपूर्व, म्हणजे किमतीत एक शून्य वाढवायला हरकत नाही. आणि ३३⅓ असेल तर १९३३ ची. वरचा एक तृतीयांश म्हणजे वर्षाचे चार महिने, तेव्हा एप्रिल अखेर असं बिनदिक्कत लिहा. एखादा चिकित्सक गिऱ्हाईक सांगेल की हे आकडे तबकडी मिनिटाला किती फेरे घेते त्याचे आहेत. ३३⅓ ची लाँगप्ले आली १९४८ मध्ये आणि ४५ ची छोटी १९४९ मध्ये, तेव्हा १९३३ सालची एलपी आबांनी आणली कुठून? त्याला नम्रपणे विचारा, "तुम्ही तेव्हा होतात का?"

लेबलवर कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेला कुत्रा असला तर विषयच संपला. कुत्रा म्हणजे ब्रिटिश, ब्रिटिश म्हणजे अँटीक. तो एचएमव्ही कंपनीचा कुत्रा कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून निघालेल्या लक्षावधी तबकड्यांवर कित्येक दशकं बसलेला आहे, अगदी डिस्को आणि पॉपच्या रेकॉर्डींवरसुद्धा. पण त्याला कोण विचारणार? तो मुळात ऐकायला बसलाय, बोलायला नाही.

शेवटचं गाणं संपतं तिथून कागदी लेबलापर्यंत एक कोरी, चकचकीत पट्टी असते. तिरप्या उजेडात धरली तर तिच्यात बारीक आकडे नि अक्षरं दिसतात. कोणत्या साच्यातून ही तबकडी निघाली, पहिल्या छपाईची की नंतरची, मूळ की पुनर्मुद्रित, याचा माग जाणकार तिथूनच काढतात. तसंच कव्हरवरच्या नंबराचं: एचएमव्हीच्या एलपीवर 'ईसीएलपी' असलं तर मोनो, 'ईसीएसडी' असलं तर स्टिरिओ. हे सगळं अर्थातच तुम्हाला लागू नाही. त्या पट्टीचा फोटो कुणी मागितला तर 'तिथे चरे पडलेत, गाण्याला धक्का नाही' असं कळवा. आणि १९९० मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' नावाची एक संस्था निघाली, त्या पंथातल्या लोकांपासून चार हात लांबच राहा. नंबर वाचून दाखवला की ही माणसं गायक, राग, साल आणि मागच्या बाजूला काय आहे ते सांगतात. अशा माणसांशी व्यवहार करणं म्हणजे सोनाराला पितळ विकायला जाणं.

आता दुर्मीळ काय, ते ठरवू. सोपी कसोटी अशी: जे तुमच्या घरी आहे, शेजाऱ्यांकडे होतं, मामाकडे होतं आणि कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात दिवसभर वाजत होतं, ते दुर्मीळ. 'शोले'च्या संवादांची एलपी घ्या. चित्रपट १९७५ चा. ती रेकॉर्ड इतकी खपली की निम्म्या देशाला गब्बर पाठ झाला. म्हणजे ती केवढी मौल्यवान असेल! लोकांनी लाखांनी विकत घेतलेली वस्तू आज लाखाला का जाऊ नये, हा प्रश्न बिनतोड आहे. गीतरामायणाचा एलपींचा संच असेल तर अक्षरशः लॉटरीच. गीतं ५६, पण तुमच्या संचातून एक तबकडी गायब असणार. शेजारच्यांनी रामनवमीला नेली ती नेलीच. तेव्हा 'कम्प्लीट सेट' असं लिहा आणि कुणी मोजलंच तर रामाचा सेतू अजून बांधायचा आहे असं समजा.

उलट खोक्याच्या तळाशी जी विचित्र भर निघते, ती रद्दीवाल्याला द्या. उदाहरणार्थ, धाकट्या काकांनी कॉलेजात असताना आणलेल्या इंग्रजी गाण्यांच्या काळ्या, जाड, ७८ च्या तबकड्या. बाकीच्या जगाने ७८ ला मूठमाती दिली तरी चावीच्या ग्रामोफोनांसाठी आपल्याकडे साठच्या दशकातही त्या निघत होत्या, आणि म्हणून बीटल्सची गाणी ७८ वर मिळतात ती भारतात छापलेली. परदेशातले संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. टाकू देत. तुम्ही त्यांवर कुंड्या ठेवा. किंवा चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाची १९८२ ची एलपी: सिंथेसायझरवर दहा राग, खाली डिस्कोचा ठेका. तेव्हा कुणी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढे शिकागोत 'ॲसिड हाउस' नावाचं संगीत जन्माला आलं आणि त्याच यंत्रांवर हा माणूस काही वर्षं आधी भैरव वाजवून बसलाय हे लोकांच्या लक्षात आलं. २०१० मध्ये ती पुन्हा काढली गेली आणि मूळ प्रतीचे भाव आकाशाला भिडले. न खपलेली वस्तू महाग, खपलेली स्वस्त! असल्या उलट्या न्यायावर विश्वास ठेवणारा माणूस मराठी कुटुंबात टिकणार कसा?

त्याहूनही जुनं काही निघालं, म्हणजे गाणं संपताना गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारते असं काही, तर गडबडू नका. गौहर जान १९०२ मध्ये कलकत्त्यात पहिल्यांदा गायली तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या माणसाला कुणाचं गाणं हे कळावं म्हणून हा पुकारा. तुम्ही मात्र 'शेवटी कुणीतरी मध्येच बोलतंय' असं प्रामाणिकपणे लिहून वीस टक्के सूट द्या.

कव्हरवर बॉलपेनने काहीतरी लिहिलेलं असतंच. नाट्यगीतांच्या त्या एलपीवर निळ्या शाईत 'चि. कुसुम हिस, एस.एस.सी. पास झाल्याबद्दल, आबा' असं असेल. संग्राहक अशा लिखाणाला डाग म्हणतात आणि किंमत पाडतात. त्यावर किमतीचं स्टिकर लावा, नीट दाबून. दुसऱ्या एखाद्या रेकॉर्डवर कुठल्यातरी साउंड सर्व्हिसचा जांभळा शिक्का असेल. म्हणजे ती तबकडी दहा गणपती, चाळीस लग्नं आणि एक निवडणूक बघून आलेली आहे, पिन घसरू नये म्हणून आर्मवर चार आण्याचं नाणं ठेवून. 'सिंगल ओनर' लिहा.

स्वच्छतेबद्दल दोन शब्द. धूळ ठेवायची असं मी वर म्हटलं खरं, पण फोटोत चमकही हवी. त्यासाठी खोबरेल तेलाचं बोट. चार दिवसांनी त्या तेलावर घरातली सगळी धूळ येऊन बसते, पण तोवर पैसे आलेले असतात. ७८ च्या तबकड्यांना स्पिरिटने पुसा, डॉक्टर इंजेक्शनच्या आधी पुसतात तसं. त्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणारा माणूस चपडी लाख स्पिरिटमध्येच भिजत घालतो. तेव्हा कापूस काळा झाला तर मळ निघाला असं न समजता बालगंधर्व निघाले असं समजावं. पण कापूस नंतर वेगळा विकता येतो का, हे अजून कुणी पाहिलेलं नाही.

मग स्थिती. इथे इंग्रजी श्रेणी चालतात आणि त्यांचा अर्थ शब्दकोशात सापडत नाही. 'मिंट' म्हणजे कोरी, जवळपास कुणी हात न लावलेली. 'निअर मिंट' म्हणजे तिच्या खालोखाल. 'व्हेरी गुड प्लस' म्हणजे बऱ्यापैकी. 'व्हेरी गुड' म्हणजे खरखर आहे, गाणंही आहे. आणि 'गुड' म्हणजे खरखर आहे, गाणं शोधावं लागेल. वधूवरसूचक मंडळाच्या नोंदी वाचलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. 'गहूवर्णीय, मनमिळाऊ' चा अर्थ आपण तीन पिढ्या लावत आलो आहोत. आपण सरसकट 'मिंट' लिहावं. तुम्ही तरी त्यांना कुठे हात लावला होता?

"वाजते का?" असं विचारलं तर "वाजते की" म्हणावं. ते पडताळून पाहायचं नाही, कारण पडताळायला प्लेअर लागतो आणि आबांचा फिएस्टा नावाचा प्लेअर २००५ च्या पावसाआधीच भंगारात गेला. फार हौस असली तर चोर बाजारातून पितळी कर्ण्याचा तो नवाकोरा जुना ग्रामोफोन आणा आणि त्याच्या पोलादी पिनेखाली एलपी ठेवा. ७८ च्या खाचा रुंद, एलपीच्या केसाएवढ्या. त्या जड डोक्याखाली एलपी आयुष्यात एकदाच वाजते. व्हिडिओ मात्र झकास येतो.

फोटो काढताना फुलाफुलांची चादर घ्या, फ्लॅश लावा आणि तबकडीच्या काळ्या आरशात तुमचं बनियन स्पष्ट दिसेल याची काळजी घ्या. ओळख पटते. कव्हरचा फोटो दिला की आतल्या तबकडीचा द्यायची गरज नाही. मी स्वतः एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करून नाट्यगीतांची एक एलपी घेतली. घरी येऊन काढली तर आत परदेशी भाषा शिकवणारी तबकडी. कुठलीही खरखर नाही, चरा नाही, अगदी 'मिंट'. कुणी ऐकलीच नव्हती. विक्रेत्याचा मला तेव्हा राग आला होता. आता आदर वाटतो.

किंमत. डिस्कॉग्ज नावाचं संकेतस्थळ आहे, २००० पासून चालतं. तिथे एखादी रेकॉर्ड याआधी कमीत कमी, मधली आणि जास्तीत जास्त किती रुपयांना प्रत्यक्ष विकली गेली हे आकडे मिळतात. ते बघू नयेत, मनाला त्रास होतो. बघायचं ते, कुणीतरी किती मागतोय. एखाद्याने तीन वर्षांपासून पन्नास हजार मागितलेत आणि ती अजून तिथेच आहे, यावरूनच तिला काय भाव आहे ते कळतं. त्यात आबांच्या आठवणीचे दहा, माळ्यावर चढल्याचे दोन आणि भाच्याचे पाच मिळवा. खाली लिहा: 'रेअर, अँटीक, फिक्स रेट. टाइमपास करणाऱ्यांनी मेसेज करू नये.'

मेसेज टाइमपास करणाऱ्यांचेच येतात. 'लास्ट किती?' हा पहिला. 'पेन ड्राइव्हमध्ये मिळेल का?' हा दुसरा. तिसरा माणूस एकदम खरा असतो. तो विचारतो, कव्हरची शिवण शाबूत आहे का, कड वाकलीय का, लेबलावर भोकाभोवती पिनेचे ओरखडे आहेत का. त्याला लगेच ब्लॉक करा. इतके प्रश्न मुलगी बघायला आलेले लोकही विचारत नाहीत.

चुकून काही विकलं गेलंच, तर पाठवायचं कसं? जाणते लोक तबकडी कव्हरातून बाहेर काढून वेगळी ठेवतात, नाहीतर प्रवासात ती आतून धडका मारून कव्हरची शिवण फाडते. मग दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठे, आणि तबकडी हलणार नाही असं बांधतात. आपण साडीचा बॉक्स वापरू. वरून 'नाजूक' असं लिहिलं की फेकणाऱ्यालाही नेम धरायला बरं पडतं. लाखेची तबकडी वाटेत तुटली तर गिऱ्हाइकाला आता दोन मिळाल्या, हे त्याच्या लक्षात आणून द्या.

आणि मग एका संध्याकाळी सांगलीहून फोन येईल. गिऱ्हाइकाचा नाही, कुसुमआत्याचा. नातवाने मोबाइलवर दाखवलं म्हणेल.

"अरे, ती नाट्यगीतांची... स्टिकर लावलंयस बघ कोपऱ्यात, त्याच्याखाली काही लिहिलंय का रे?"

"नाही आत्या, डाग आहे."

"बरं." मग थोडा वेळ नुसती फोनची खरखर. "आबांनी दिलेली माझी एक होती तसली. लग्नात न्यायची राहिली. घरी प्लेअर नाहीच आता, पण नुसती ठेवली असती. कितीला देतोयस?"

इथे बरेच जण ढेपाळतात. तुम्ही जाहिरातीत फिक्स रेट लिहिलंय, विसरू नका. पाच हजार सांगा. कुरिअर वेगळं.