नुसत्या स्टॅटने माउंट होत नाही

लिनक्स कर्नलवरच्या लेखात म्हटलंय, ऑटोमाउंटच्या (गरज पडली की आपोआप जोडणी करणाऱ्या) डिरेक्टरीला हात लागला की फाइलसिस्टिम माउंट होते, म्हणजे तिथे जोडली जाते. इतकं सरळ नाही हो. डिरेक्टरी आधीच दिसत असेल तर 'एलएस -एलडी' ही कमांड मारून बघा (ती स्टॅट करते, म्हणजे डिरेक्टरीची नुसती माहिती विचारते), खालची रिकामी डिरेक्टरीच दिसेल. त्याच पाथच्या शेवटी एक स्लॅश द्या, लगेच माउंट! ती डिरेक्टरी पाथच्या मधला घटक असेल तर मात्र माउंट होतंच, पुढे जायचंय ना. आणि आरसीयू-वॉकमध्ये (कर्नलच्या पाथ शोधायच्या जलद, कुलूप न लावणाऱ्या पद्धतीत) झोपायची, म्हणजे थांबून राहायची सोय नाही, माउंटला तर सर्व्हरची वाट बघावी लागते, म्हणून तिथे रेफ-वॉकवर (थांबता येणाऱ्या संथ पद्धतीवर) उतरावंच लागतं. कर्नल २.६.३८ च्या आधी एनएफएस (नेटवर्कवरची फाइलसिस्टिम) हे माउंटचं काम फॉलो-लिंकमध्ये, म्हणजे सिमलिंकचा (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणाऱ्या फाइलचा) माग काढायच्या फंक्शनमध्ये कोंबायचं. त्यामानाने आताचं डी-ऑटोमाउंट हे खास या कामाचं वेगळं फंक्शन वाचायला तरी सुसह्य आहे.