काडतूस आखूड, म्हणून दुबळं?

"शॉर्ट-ॲक्शन काडतुसं हरणापुरती ठीक. एल्क किंवा मूससमोर लाँग-ॲक्शनच हवं. केस लांब, दारू जास्त, मारा जास्त." (ॲक्शन म्हणजे रायफलीत काडतूस भरणारी आणि बाहेर काढणारी यंत्रणा; आखूड काडतुसाला शॉर्ट-ॲक्शन पुरते, लांब काडतुसाला लाँग-ॲक्शन लागते. केस म्हणजे काडतुसाचं दारू भरलेलं पितळी कवच. एल्क आणि मूस ही हरणांच्या कुळातली थोराड जनावरं.) हे विधान इतक्या वेळा सांगितलं जातं की आता कुणी त्याचा हिशोबच मागत नाही. म्हणून हा हिशोब.

"दारू जास्त, मारा जास्त." लाँग-ॲक्शनच्या .३०-०६ स्प्रिंगफील्डची केस ६३ मिलिमीटर लांब, शॉर्ट-ॲक्शनच्या .३०८ विंचेस्टरची ५१. आतली जागा .३०-०६मध्ये साधारण वीस टक्क्यांनी जास्त. पण १५० ग्रेनची, म्हणजे ९.७ ग्रॅमची गोळी .३०८मधून सेकंदाला सुमारे ८६० मीटर वेगाने सुटते आणि .३०-०६मधून ८८५च्या आसपास. जागा वीस टक्के जास्त, वेग जेमतेम तीन टक्के! कारण वाढीव दारूची बरीचशी ऊर्जा गोळीला मिळतच नाही, ती गरम वायूबरोबर नळीबाहेर जाते. शिवाय .३०८ला मान्य असलेला कमाल दाबही थोडा जास्त आहे. नळी दहा सेंटिमीटरने आखूड केली, तरी साधारण एवढाच वेग कमी होतो.

एक गोष्ट मात्र मान्य. २०० ग्रेनच्या पुढे .३०८ खरोखर मागे पडतं. लांब गोळीचं बूड केसमध्ये खोल बसतं आणि दारूची जागा खातं.

"शॉर्ट-ॲक्शन म्हणजे हरणापुरतं." इथे मूळ समजच चुकीचा आहे. शॉर्ट-ॲक्शन हे रायफलीच्या ॲक्शनच्या लांबीचं माप आहे, ताकदीचं नव्हे. १९५५ सालची .२४३ विंचेस्टर आणि .३५८ विंचेस्टर, दोन्ही .३०८च्याच केसपासून बनली. पहिली मूसवर वापरू नये असंच माझं मत. दुसरी २०० ग्रेनची जाड गोळी फेकते आणि जवळच्या अंतरावर मूसला पुरून उरते. २००१ साली आलेलं .३०० डब्ल्यूएसएम (विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम) तर १८० ग्रेनची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास नेतं, म्हणजे लाँग-ॲक्शनच्या .३०० विंचेस्टर मॅग्नमच्या बरोबरीने.

"शॉर्ट-ॲक्शनला धक्का कमी." हेही खरं नाही. तीच गोळी, तोच वेग आणि आखूड ॲक्शनमुळे रायफल हलकी, तर खांद्याला धक्का जास्तच बसणार. त्या धक्क्याच्या भीतीने ट्रिगर हिसकला की जनावर जखमी होऊन निसटतं आणि तडफडत मरतं. त्यात .३०० डब्ल्यूएसएमसारख्या जाड केसमुळे मॅगझिनमध्ये बहुधा एक काडतूस कमी मावतं.

"दूरवर लांब केसच टिकते." दूरवर पाहायचं ते गोळीचं. पातळ आवरणाची गोळी मूसच्या खांद्याच्या हाडावर फुटून विखुरते; सबंध तांब्याची किंवा आवरणाशी शिसं घट्ट जोडलेली गोळी आत खोल जाते. जनावरात शिरल्यावर नीट फुलायला, म्हणजे पसरून रुंद व्हायला, प्रत्येक गोळीला किमान वेग लागतो आणि बरेच उत्पादक तो जाहीर करतात. .३०८चा वेग त्याच्या खाली जातो, तिथून .३०-०६ फार तर तीसेक मीटर पुढे पोचतं.