खरी सिंड्रेला नेमकी कोणती?

दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरत फिरत आमच्या फॅमिली ग्रुपवर येतोच. ‘मुलांना परीकथांची चित्रपुस्तकं देताय? आधी खऱ्या गोष्टी वाचा, झोप उडेल!’ खाली मुद्दे. खऱ्या सिंड्रेलात सावत्र बहिणी स्वतःचे पाय कापतात आणि कबुतरं त्यांचे डोळे फोडतात. काचेचा बूट म्हणजे निव्वळ ऐकण्यातली चूक. या गोष्टी होत्याच मोठ्यांसाठी. डिस्नेने आणि चित्रपुस्तकवाल्यांनी त्या गुळमट करून मुलांच्या गळ्यात मारल्या. गेल्या आठवड्यात मावसबहिणीने तो खास मला पाठवला, वर ‘तूच आणतेस ना ही पुस्तकं?’ म्हणून विचारलं. घे बाई उत्तर.

पाय कापणं जर्मनीतल्या लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या गोष्टीत आहे, ते कबूल. एकीची टाच जाते, दुसरीची बोटं. पण ग्रिमांच्या गोष्टींचा पहिला खंड आला १८१२ मध्ये. त्याच्या ११५ वर्षं आधी, १६९७ मध्ये, पॅरिसला शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाची सिंड्रेला छापून झाली होती. भोपळ्याची बग्गी, उंदरांचे घोडे, काचेचा बूट, सगळं तिथलं. त्या गोष्टीत रक्ताचा थेंब नाही. सिंड्रेला बहिणींना माफ करते, राजवाड्यात आणते आणि दोन सरदार बघून त्यांची लग्नंही लावून देते. डिस्नेने १९५० च्या सिनेमासाठी घेतली ती ही गोष्ट. जे तिथे नव्हतंच ते पुसणार काय?

डोळे फोडण्याची तर वेगळीच गंमत. १८१२ च्या आवृत्तीत ते नाहीच! ती शिक्षा १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत घातली गेली. त्याच आवृत्तीत मुलं खाटीक-खाटीक खेळतात ही भयंकर गोष्ट गाळली आणि हिमगौरीच्या जिवावर उठलेल्या सख्ख्या आईची सावत्र आई केली. एका हाताने रक्त पुसायचं, दुसऱ्याने शिंपडायचं, असा कारभार. यातली कुठली आवृत्ती ‘खरी’ धरायची, ते मेसेज लिहिणाऱ्याने कळवावं.

बुटाचा मुद्दा दोन ओळींचा आहे. फ्रेंचमध्ये काच आणि एक जातीची फर यांचे उच्चार सारखे, म्हणून पेरोने ‘फर’चं ‘काच’ केलं, असं म्हणतात. हा तर्क एकोणिसाव्या शतकात फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकने गाजवला. पेरोच्या गोष्टीच्या नावातच ‘काचेचा छोटा बूट’ आहे. शिवाय फरचा बूट थोडा ताणला तर कुणाच्याही पायात गेला असता, मग गावभर बूट घेऊन हिंडायचं कशाला?

मोठ्यांसाठी होत्या, यात अर्धं तथ्य आहे. ग्रिमांचा पहिला खंड बिनचित्रांचा आणि विद्वत्तापूर्ण टिपांनी भरलेला होता. मुलांच्या हाती हे कसं द्यायचं, अशी तक्रार त्यांच्या मित्राने, आर्निमनेच केली. पण पुस्तकाचं नावच ‘मुलांच्या आणि घरातल्या गोष्टी’. १८२३ मध्ये लंडनला जॉर्ज क्रुकशँकच्या चित्रांसह भाषांतर निघालं. ते बघून ग्रिमांनी १८२५ मध्ये पन्नास निवडक गोष्टींची छोटी आवृत्ती काढली, त्यात त्यांच्या धाकट्या भावाची, लुडविगची सात चित्रं. आणि पेरोच्या पुस्तकात तर पहिल्या छपाईपासून चित्रं आहेत. मुखचित्रात शेकोटीपाशी सूत कातत बसलेली एक बाई गोष्ट सांगतेय, समोर ऐकणारे तिघं. आजीच्या गोष्टीचं चित्र याहून वेगळं काय असतं?

आता मुख्य आरोप, चित्रं आली की गोष्ट मवाळ होते. फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह दोरेने पेरोच्या गोष्टींसाठी काढलेली १८६२ ची चित्रं बघा. लाल टोपीवाली मुलगी पांघरूण छातीशी धरून पलंगावर, शेजारी आजीची झालरीची टोपी घातलेला लांडगा. पेरोकडे शिकारी येत नाही. लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. दुसऱ्या एका गोष्टीच्या चित्रात राक्षस झोपलेल्या स्वतःच्याच मुलींवर सुरी घेऊन वाकलाय. याला गुळमट म्हणायला धाडस लागतं. ग्रिमांच्या पहिल्या आवृत्तीत रापुन्झेल भाबडेपणाने विचारते, माझे कपडे घट्ट का होत चाललेत? पोरगी गरोदर आहे. पुढे ग्रिमांनीच हे वाक्य काढलं. चित्रकार पॉल झेलिन्स्कीने आपल्या रापुन्झेलमध्ये ते परत आणलं, आणि त्या चित्रपुस्तकाला १९९८ चं कॅल्डेकॉट पदक, म्हणजे मुलांच्या चित्रपुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं मानाचं पदक, मिळालं. उलट ट्रिना हायमनच्या चित्रांत लाल टोपीवालीच्या टोपलीत वाइनची बाटली दिसते म्हणून कॅलिफोर्नियातल्या शाळांनी ते पुस्तक बाजूला काढलं. ती बाटली ग्रिमांच्या गोष्टीतलीच!

वाईट चित्रपुस्तकं नाहीत का? ढिगाने आहेत. एका प्रदर्शनातून भाचीसाठी असंच एक स्वस्तातलं आणलं होतं. मजकुरात लांडग्याने आजीला कपाटात कोंडलं, गिळलंबिळलं काही नाही. चित्र मात्र कुठल्या तरी जुन्या पुस्तकावरून उचललेलं. त्यात लांडगा टम्म फुगलेलं पोट घेऊन पलंगावर घोरतोय. भाचीने त्या पोटावर बोट ठेवलं.

‘आजी कपाटात आहे ना? मग ह्याच्या पोटात कोण?’

‘आजीच,’ मी म्हटलं.

‘मग कात्री आण की!’

ग्रिमांचा शिकारीसुद्धा कात्रीनेच पोट फाडतो. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.