तनाका किनुयोला मिझोगुचीने घडवलं? तारखा काही वेगळंच सांगतात

जपानी अभिनेत्री आणि दिग्दर्शिका तनाका किनुयोबद्दलची एक पोस्ट सध्या जोरात फिरतेय: ‘जपानची पहिली स्त्री दिग्दर्शक. मिझोगुचीने तिला घडवलं आणि त्याच्याच पाठिंब्यावर ती कॅमेऱ्यामागे गेली.’ मिझोगुची म्हणजे जपानचा नामवंत दिग्दर्शक. वाक्यं दोन, दावे तीन, आणि तिन्ही चूक.

‘पहिली’. पहिली साकाने ताझुको. तिचा ‘हात्सु सुगाता’ 1936 चा, म्हणजे तनाकाने दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटाच्या 17 वर्षं आधीचा. गंमत अशी, की मिझोगुचीच्या हाताखाली खरी उमेदवारी केली ती साकानेने. त्या चित्रपटाची प्रिंट आज उरलेली नाही, म्हणून नावही मागे पडलं. तनाकाला युद्धोत्तर काळातली पहिली म्हणा, हरकत नाही.

‘घडवलं’. तनाका 1909 ची, शिमोनोसेकीची. शोचिकु या चित्रपट कंपनीत आली 1924 मध्ये, चौदाव्या वर्षी. जपानचा पहिला यशस्वी पूर्ण बोलपट म्हणून ज्याचं नाव घेतात, त्या दिग्दर्शक गोशोच्या 1931 च्या चित्रपटात तीच होती. 1938 च्या ‘आइझेन कात्सुरा’ने तर गल्ला ओसंडून वाहिला. मिझोगुचीबरोबरचा पहिला चित्रपट थेट 1940 चा! घोटाळा का होतो, तेही उघड आहे. परदेशात ती आधी दिसली ती ‘ओहारू’, ‘उगेत्सु’ आणि ‘सान्शो’मध्ये, 1952 ते 54 च्या मिझोगुचीपटांत.

‘पाठिंबा’. हा तर सरळ उलटा. दिग्दर्शनाची तयारी म्हणून ती दिग्दर्शक नारुसेच्या ‘आनी इमोतो’वर सहायक राहिली. मग 1953 मध्ये शिंतोहो या चित्रपट कंपनीसाठी ‘कोइबुमि’ केला. पटकथा दिग्दर्शक किनोशिताची. पुढच्या वर्षी तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता. दुसऱ्या चित्रपटासाठी दिग्दर्शक ओझूने आपली पटकथा दिली, तेव्हा दिग्दर्शक संघटनेचा अध्यक्ष असलेला मिझोगुची आडवा आला. ओझू मागे हटला नाही. 1954 नंतर तनाका मिझोगुचीच्या एकाही चित्रपटात नाही.

तो दुसरा चित्रपट, ‘त्सुकी वा नोबोरिनु’ (1955), मिळाला तर एक प्रसंग नीट बघा. तनाका स्वतः त्यात मोलकरीण झालीय. घरातली धाकटी मुलगी तिला फोनवर थाप कशी मारायची ते शिकवते, घोकून घेते, चुकलं की पुन्हा म्हणायला लावते. दिग्दर्शिका नटी होऊन पोरीकडून दिग्दर्शन करून घेतेय. खट्याळपणा आहे हा, आणि पुरेपूर हिशेबी.

तरीही त्यात ओझूची सावली जाणवते. तिचा स्वतःचा हात बघायचा तर त्याच वर्षीचा ‘चिबुसा यो एइएन नारे’ घ्या. पटकथा लेखिका तनाका सुमिएची. नायिका स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेली होक्काइदोची कवयित्री. शस्त्रक्रियेनंतर ती मैत्रिणीच्या घरी न्हाणीत बसते आणि छातीवरचा व्रण त्या मैत्रिणीला मुद्दाम दाखवते. दचकते मैत्रीण, ती नाही.