तट्टू आधी, जाहिरात मागाहून

विद्यापीठाच्या धोरण अभ्यास केंद्रात प्रकल्प सहायकाची जागा निघाली की बेळगावकडच्या खानापूर-निपाणीच्या पोरांनी झेरॉक्सचे पैसे वाचवावेत. जाहिरात शुक्रवारी संध्याकाळी वेबसाइटच्या कोपऱ्यात, थेट मुलाखत सोमवारी साडेदहाला. पात्रता वाचली की वशिल्याचं तट्टू कुणाचं ते कळतं: एम.ए. अर्थशास्त्र, शिवाय अमुकच विषयाच्या सर्वेक्षणाचा वर्षभराचा अनुभव. तो मिळतो कुठे? त्याच केंद्रात, केंद्रप्रमुख सरांच्या भाच्याला!

कायम जागांचंही तेच, आणि सगळं नियमात बसवून. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी.ला ३० गुण, नेट या पात्रता परीक्षेला ५, सोबत जेआरएफ ही संशोधनवृत्ती असेल तर ७. पण हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. निवड निव्वळ मुलाखतीवर. यादीत पहिला आलेला दहा मिनिटांत बाद होतो, आणि कारण कुणी लिहूनही ठेवत नाही. वर सिंडिकेटवर, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळावर, सरकारनियुक्त मंडळी. आमदाराचा फोन लागायला वेळ तो किती?

मग केंद्राचे अहवाल निघतात मलप्रभा नदीच्या पुराचे, आत तक्ता घटप्रभा नदीचा. गावांची नावं बदलायचीसुद्धा तसदी नाही.

माहिती अधिकारात नुसतं ‘निवडीची माहिती’ मागू नका, गोलमोल उत्तर येतं. निवड समितीचं सदस्यनिहाय गुणपत्रक, बैठकीचं इतिवृत्त आणि छाननीची यादी अशी नावानिशी मागा. तरी ३० दिवसांनी ‘त्रयस्थाची माहिती’ म्हणून नकार, मग अपील. तोवर भाच्याचा करार दुसऱ्यांदा वाढलेला असतो.