‘स्विफ्टची बैलगाडी केली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार बाब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय, ‘४० एमएमचे स्प्रिंग घालून स्विफ्टची बैलगाडी केली. पाठ गेली. फेरीबोटीत चढताना बंपर घासतो. आधी काहीच सांगितलं नाही, फक्त पैसे काढतात. डिचोलीत कुणी जाऊ नका.’ (४० एमएमचे म्हणजे गाडी ४० एमएम खाली आणणारे, लोअरिंग स्प्रिंग.) तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण ‘आधी काहीच सांगितलं नाही’ हे काही माझ्या घशाखाली उतरत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही आलात तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच होता, की गाडी रोज कुठे जाते. चोडणहून फेरीने रायबंदर, तिथून पणजी, असं तुम्ही म्हणालात. त्यावर मी काय बोललो ते आठवून बघा. ओहोटीला फेरीचा रॅम्प जास्त तिरका होतो, चाकं वर चढायच्या आधीच बंपर टेकतो, त्यामुळे तुमच्या गाडीला २५ एमएमच्या पुढे जाऊ नका. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचा तळ आणि रस्ता यांच्यातलं अंतर, कंपनीचाच १६३ एमएम. त्यातले ४० गेले की १२३ राहिले, तेही गाडी रिकामी असताना. मागे घरची माणसं आणि डिकीत सामान आलं की आणखी कमी. गतिरोधक नियमाप्रमाणे १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा लागतो, तसा असला तर खाली केलेली गाडीसुद्धा सावकाश निघून जाते. आपल्या वाड्यांवरचे किती गतिरोधक तसे आहेत, ते तुम्हालाही माहीत आहे.

नुसतं तोंडी सांगून थांबलो नाही. माझ्या स्वतःच्या गाडीत २५ चे स्प्रिंग आहेत, तिच्यात बसवून तुम्हाला मये तळ्यापर्यंत फिरवून आणलं. तुम्हाला ती चालवायला बरी वाटली, दिसायला नाही. परत आल्यावर तुम्ही टायर आणि फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, मधल्या फटीत बोटं घालून दाखवलीत आणि म्हणालात, ‘हांगा चार बोटां वतात, म्हाका दोनच जाय. आनीक मातशी सकयल घे.’ म्हणजे इथे चार बोटं जातात, मला दोनच हवीत, आणखी थोडी खाली घे. माझा पोरगा बाजूलाच उभा होता. ४० चे स्प्रिंग त्यानंतर मागवले.

आता कडकपणाचं. लोअरिंग स्प्रिंग उगाच कडक बनवत नाहीत. गाडी ४० एमएम खाली आली म्हणजे खड्ड्यात चाकाला वर यायला जी जागा होती, तिच्यातले ४० एमएम उभ्या गाडीतच संपले. स्प्रिंग मऊ ठेवला तर दर खड्ड्याला शॉकअप (शॉक अॅब्सॉर्बर) बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडणीवर, आपटेल. आणि कडक स्प्रिंग दाबून सोडला की तेवढ्याच जोरात उसळतो. ती उसळी धरणं हे शॉकअपचं काम. तुमचे शॉकअप गाडीबरोबर आलेले, बरेच पळालेले, कंपनीच्या मऊ स्प्रिंगच्या हिशेबाचे. या स्प्रिंगला जुळणारे आखूड शॉकअप सोबत घाला म्हटलं, तर बजेट नाही म्हणालात. ते मी समजू शकतो, पैसा झाडाला लागत नाही. पण मग ‘दुसरीकडे जुनेच स्प्रिंग ग्राइंडरने कापून स्वस्तात करून देतात’ असंही तुम्ही ऐकवलंत. ते काम माझ्याकडे होत नाही. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक लटकलं की असा स्प्रिंग जागा सोडतो. वळणावर हे झालं तर काय, ते लिहायलाही नको.

आता तुमच्याच रिव्ह्यूमधला फोटो जरा मोठा करून बघा. माझ्याकडून गाडी गेली तेव्हा तिच्यावर कंपनीची १५ इंचाची चाकं होती, टायर १८५/६५. फोटोत काळे अलॉय आहेत आणि टायरवरचा आकडा स्वच्छ वाचता येतो, २०५/४५ आर १७, म्हणजे १७ इंचाची चाकं. ही चाकं माझ्याकडे चढलेली नाहीत. १८५ चे ६५ टक्के म्हणजे टायरची बाजू १२० एमएम उंच. २०५ चे ४५ टक्के म्हणजे ९२. जवळजवळ २८ एमएम हवा आणि रबर काढून तिथे धातू आणून बसवला. रस्त्याचा बारीक खडखडाट पहिल्यांदा टायर खातो, स्प्रिंगची पाळी नंतर येते. मोठ्या चाकाचं वजन वाढतं ते वेगळंच. तुमच्या पाठीला बसणाऱ्या दणक्यांत माझ्या स्प्रिंगचा वाटा किती आणि या चाकांचा किती, हे बघायला गाडी आधी माझ्याकडे यायला हवी होती. स्टार मात्र माझे गेले, चाकंवाल्याला कुणी विचारलं नाही.

५०० किलोमीटर झाल्यावर नवे स्प्रिंग दबून स्थिरावतात, तेव्हा अलाइनमेंट फुकट तपासून देतो, हे बिलावर पेनाने लिहून दिलं होतं. तुम्ही आला नाहीत. फोन केला, उचलला नाहीत.

राहिलं ‘फक्त पैसे काढतात’. हे गॅरेज माझ्या वडिलांनी खाणीवरच्या टिपरचे पाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग) बदलायला सुरू केलं. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, डिचोलीत त्या काळात काय हाल झाले ते घरी कुणालाही विचारा. आम्ही शटर ओढलं नाही, कारचं काम शिकलो. खनिजाच्या टिपरखाली झोपून हात काळे केलेल्या माणसाला स्विफ्टचा स्प्रिंग बसवता येतो, एवढं तरी मानाल.

यापुढे स्प्रिंग किती एमएमचा हे गिऱ्हाइकाची कागदावर सही घेऊनच मागवणार. बाकीच्याही काही गोष्टी सुधारतोय.

तुमचे जुने स्प्रिंग गाडीचा नंबर लिहून पोत्यात बांधून ठेवलेत. १५ इंचाची चाकं घेऊन या, ती चढवून दोघं मिळून चक्कर मारू. तरीही पाठीला लागलं तर कंपनीचे स्प्रिंग परत घालून देतो, मजुरी घेणार नाही. लोअरिंग स्प्रिंगचे पैसे परत देणं जमणार नाही, वापरलेला माल सप्लायर घेत नाही. चतुर्थीच्या आठवड्यात गॅरेज बंद असतं, त्याच्या आधी या. आणि स्टार राहू देत हवं तर, पण ‘डिचोलीत कुणी जाऊ नका’ ही ओळ तेवढी काढा, बाब. कामाला दोन पोरगे आहेत, त्यांचा पगारही याच शटरमधून निघतो.

गॅरेजमालक, डिचोली