लेनिनग्राडचा डाव

अमेरिकेचा बॉबी फिशर आणि सोव्हिएत संघाचा बोरिस स्पास्की यांच्या १९७२ च्या रेक्याविक (आइसलँड) येथील जगज्जेतेपदाच्या बुद्धिबळ सामन्याचे वर्णन एकट्या अमेरिकन माणसाने सोव्हिएत बुद्धिबळाचा केलेला पराभव असे नेहमी केले जाते. मला हे वर्णन मनापासून खटकते, कारण ही कथा त्याआधी १२ वर्षे, जुलै १९६० मध्ये लेनिनग्राडला भरलेल्या जागतिक विद्यार्थी सांघिक स्पर्धेत सुरू झाली आणि तेव्हा फिशर अमेरिकेच्या संघातही नव्हता.

सोव्हिएत संघाच्या पहिल्या पटावर स्पास्की होता. वय २३, लेनिनग्राड त्याचे जन्मगाव. त्याच वर्षी त्याने सोव्हिएत ग्रँडमास्टर ब्रॉन्स्टाइनला आणि मार देल प्लाताच्या स्पर्धेत खुद्द फिशरला पांढऱ्या मोहऱ्यांनी, किंग्ज गँबिट ही डावाची आक्रमक सुरुवात खेळून हरवले होते. त्याच्यासमोर काळी मोहरी घेऊन बसलेल्या अमेरिकेच्या २२ वर्षांच्या विल्यम लोम्बार्डीने सिसिलियन बचाव निवडला, म्हणजे पहिल्या चालीला वजिराकडील उंटासमोरचे प्यादे पुढे केले. राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे सरकवून उत्तर दिले नाही, तर किंग्ज गँबिट खेळताच येत नाही. म्हणजे स्पास्कीचे ते हत्यार पहिल्याच चालीला म्यान झाले. लोम्बार्डीने तो डाव जिंकला, अमेरिकेने सोव्हिएत संघाला २.५-१.५ असे हरवले आणि सुवर्णपदकही मिळवले. लोम्बार्डीचे वैयक्तिक गुण होते १३ पैकी १२!

या विजयाबद्दल मला विशेष आदर वाटतो तो त्या संघातील माणसांमुळे. सरकारी पाठबळावर उभ्या असलेल्या सोव्हिएत व्यवस्थेसमोर बसलेल्या या विद्यार्थ्यांपैकी अँथनी सेडी पुढे डॉक्टर झाला, एलियट हर्स्ट मानसशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि स्वतः लोम्बार्डीने १९६७ मध्ये कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतली. बुद्धिबळ हाच एकमेव व्यवसाय न मानणाऱ्या तरुणांनी हे करून दाखवले, ही गोष्ट मला फिशरच्या प्रतिभेइतकीच मोलाची वाटते.

१९७२ मध्ये फिशर आइसलँडला जायला तयार होईना, तेव्हा तो न्यूयॉर्कमध्ये याच सेडीच्या कुटुंबाच्या घरी राहिला होता. रेक्याविकमध्ये त्याचा साहाय्यक म्हणून गेलेला धर्मगुरू होता लोम्बार्डी, स्पास्कीला त्याच्याच गावात हरवून आलेला.